शरणम्माची सवत

शरणम्मा दूध घ्यायची तर आधी दुधात बोट बुडवून बघायची, मग गवळ्याच्या तोंडाकडे बघायची आणि मगच पातेलं पुढे करायची. ज्वारी घेताना चार ठिकाणचे दाणे दाताखाली फोडायची. मठातल्या स्वामींनी अंगारा दिला तर तो कधीचा आहे हेही ती हळूच विचारून घ्यायची. लातुरात गोलाईच्या मागच्या गल्लीत तिचं दोन खोल्यांचं घर होतं, आणि त्या गल्लीत तिनं कधी ना कधी संशय घेतला नाही असं माणूस शोधूनही सापडलं नसतं. पंचाईत अशी, की दहातल्या आठ वेळा तिचंच खरं निघायचं. दुधात पाणी असायचंच. त्यामुळे तिला बोलायला कोणाला तोंड नव्हतं.

सुटला होता तो एक तिचा नवरा. विरूपाक्ष उस्मानाबादला कचेरीत शिपाई होता. शनिवारी संध्याकाळच्या एसटीनं यायचा आणि सोमवारी पहाटे जायचा. असं अकरा वर्षं चाललं. या अकरा वर्षांत शरणम्मानं त्याच्यावर एकदाही संशय घेतला नाही, कारण जो माणूस समोर दिसतच नाही त्याच्यावर संशय घ्यायचा तरी कुठून धरून? तिला फक्त तो हवा होता. रोज संध्याकाळी चपला काढून आत येणारा, गरम भाकरी मागणारा, उगाच खोकणारा नवरा. बाकीच्या बायकांना तो फुकट मिळाला होता आणि त्या त्याच्या नावानं खडे फोडायच्या. ते ऐकून तिचा जळफळाट व्हायचा.

मग ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. गोलाईत गुलाल उधळला, पेढे वाटले, भाषणं झाली. गल्लीतले व्यापारी म्हणाले, आता जागेचे भाव वाढणार. शरणम्माला त्यातलं काही कळत नव्हतं. जिल्हा झाला म्हणजे हापिसं येणार आणि हापिसं आली म्हणजे विरूपाक्ष घरी येणार, एवढं कळत होतं, आणि तेवढ्यासाठी तिनं सिद्धेश्वराला अकरा सोमवार बोलले होते. विरूपाक्षानं बदली मागितली आणि ती मिळाली. कोणतं हापीस, असं तिनं विचारलं तर तो खाली बघत म्हणाला, पाटबंधाऱ्याचं. खाली का बघतो, हे विचारायचं त्या दिवशी आनंदाच्या भरात राहून गेलं. तिच्या आयुष्यात एवढी एकच चूक झाली असेल.

तीन वर्षं सुखाची गेली. मुलगी नागम्माला उदगीरच्या चांगल्या घरात दिली. व्याही किराणा मालाचे ठोक व्यापारी, दारात जंगम स्वामींचा राबता, आचारविचाराला एकदम कडक. त्यांचं बिदरला दुसरं एक घर होतं आणि त्या घरात एक बाई होती, ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती. कोणी बोलायचं नाही. त्यांच्या पंगतीचं जेवण कोणी सोडलं नाही आणि त्यांच्या हातचं पाणी कोणी नाकारलं नाही. विहीणबाई मोठ्या समारंभात सोन्यानं मढून पुढे बसायच्या. शरणम्मा मनात म्हणायची, मी हिच्या जागी असते तर बिदरला जाऊन दोघांना चुलीत घातलं असतं.

चौथ्या वर्षी पाऊस रुसला. मांजरेच्या पात्रात माणसं पायी इकडून तिकडे जाऊ लागली. लातुरात नळ आधी दिवसाआड आला, मग चौथ्या दिवशी आणि उन्हाळ्याच्या तोंडावर तर आठवड्यातनं एकदा. बायका घागरी रांगेत लावून त्यांच्यावर खूण म्हणून दगड ठेवायच्या, आणि शरणम्मा स्वतःच्या दगडावर विभूतीची रेघ ओढायची, म्हणजे कोणी बदलायला नको. घरात एक पिंप, एक रांजण आणि तीन घागरी. या पाण्याची वाटणी तिच्या मनात पक्की होती. लिंगपूजेचं वेगळं, पिण्याचं वेगळं, भांडी राखेनं घासून फडक्यानं पुसायची.

चैत्रात कधीतरी तिच्या लक्षात आलं की पिंपातलं पाणी जास्त उतरतंय. तिनं आतल्या अंगाला कोळशाची रेघ मारली. दुसऱ्या दिवशी ती देवापुढून उठून आली तर पाणी रेघेखाली चार बोटं. तिनं मांजराला धरलं, शेजारणीला धरलं, पिंपाच्या बुडाला धरलं. पिंपाचं बूड बाहेरून कोरडंठाक होतं, गळत नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिनं देवापुढे बसून डोळे मिटले, पण कान उघडे ठेवले. विरूपाक्षानं तेलाचा रिकामा डबा पिंपात बुडवला, पिशवीत घातला, सायकलला अडकवला आणि तो निघून गेला. डब्याच्या बुडबुड्यांचा आवाज तिला स्वच्छ ऐकू आला.

हापिसात प्यायला नेत असेल, असं दुसरी कोणी म्हणाली असती. मग चोरून कशाला? असं शरणम्मा म्हणाली, आणि तिथून तिची गाडी सुटली ती सुटलीच. नवऱ्याच्या सदऱ्याला अत्तराचा वास येत होता, हे तिला आता एकदम नाकाशी आलं. पन्नाशीला टेकलेला शिपाई अत्तर लावतो! अत्तराच्या खाली आणखी एक वास होता, ओलसर, शेवाळलेल्या हौदासारखा, तो कशाचा ते तिला कळेना. रविवारी हापिसाला सुट्टी, तरी हा माणूस 'टंचाईचं काम हाय' म्हणून बाहेर पडायचा. आणि मग धुण्याच्या दिवशी सदऱ्याच्या बाहीच्या शिवणीत तिला ती चमकी सापडली.

हरभऱ्याच्या डाळीएवढी, गोल, पातळ. उन्हात धरली की रुपेरी दिसायची, वळवली की निळसर. शरणम्माला बघताक्षणी कळलं. ही बाईच्या चोळीवरची टिकली. उरुसात नाचणाऱ्या बायकांच्या चोळ्यांवर असल्या टिकल्या शिवलेल्या तिनं लहानपणी लांबून पाहिल्या होत्या. ती धुण्याच्या दगडावर बसली. मग तिनं ती टिकली पुराव्याला म्हणून कुंकवाच्या करंड्यात, मेणाच्या डबीखाली जपून ठेवली. रोज कुंकू लावताना ती दिसायची आणि रोज नव्यानं डागणी बसायची.

पैसा नेला असता तर तिनं एक वेळ सोसलं असतं. दुष्काळात घरातलं पाणी दुसऱ्या बाईला नेऊन देतो म्हणजे त्या बाईचा जीव याला किती प्यारा असेल! अकरा वर्षं वाट बघून आणलेला नवरा तीन वर्षांत कोणीतरी उचलून नेला, हे तिच्या घशाखाली उतरेना. तिनं निलंग्याला भावाकडे सांगावा धाडला. शंकरप्पा तिचा थोरला भाऊ, कापडाचं दुकान, आवाज मोठा आणि चौकशीचा नाद त्याहून मोठा. त्यानं उलट निरोप दिला की सोमवारी दुकान बंद असतं, तेव्हा येतो, घर शोधून काढतो आणि काय ते तोंडावर विचारतो.

पण सोमवारपर्यंत थांबेल ती शरणम्मा कसली. रविवारी विरूपाक्ष डबा घेऊन निघाला तशी तीही डोक्यावर पदर ओढून निघाली. पाणी हिंदकळू नये म्हणून तो सायकल हातात धरूनच चालत होता, त्यामुळे तिला गाठणं जड गेलं नाही. एकदा तो थांबला, वाकला आणि डब्याचं झाकण घट्ट केलं. एवढ्या काळजीनं यानं आपल्या बाळंतपणात नागम्मालासुद्धा धरलं नव्हतं, असं तिला वाटलं आणि राग मस्तकात गेला.

औसा रोडच्या अलीकडे एका गल्लीत तो वळला. नवा जिल्हा झाला होता, पण इमारती एका रात्रीत कुठून उगवणार? खाती आली, शिक्के आले, खुर्च्या आल्या आणि जागा मिळेल तिथे घुसल्या. कोणी गोदामात, कोणी कोणाच्या माडीवर. शरणम्माला हे ठाऊक नव्हतं असं नाही, पण त्या क्षणी तिला दिसलं ते एवढंच, की एक साधं राहतं घर आहे, खिडकीला पडदा आहे, अंगणात तुळस आहे, आणि आपला नवरा कमरेच्या करगोट्याला बांधलेली किल्ली लावून त्या घराचं दार उघडतो आहे. दारावरची पाटी वावटळीत उडून गेली होती, नुसते दोन खिळे होते.

ती दारापाशी गेली. आतून त्याचा आवाज आला. "आलो गं बया, आलो. आज उशीर झाला." त्यावर एका बाईचा हसण्याचा आवाज आला.

शरणम्मानं दार ढकललं ते असं, की ते भिंतीवर आपटलं. मागचं दार उघडं होतं आणि आत चौकात खरोखरच एक बाई बसलेली होती. साठीची, काळीभोर, तंबाखूनं दात किडलेले, नऊवारीचा काष्टा गुडघ्यावर ओढलेला, आणि पुढ्यात डालड्याच्या डब्यात काहीतरी वळवळत होतं. विरूपाक्ष भिंतीशी उकिडवा बसला होता. त्याच्या अंगात नुसती बंडी होती आणि गळ्यातलं लिंग त्यानं दोऱ्यासकट फिरवून पाठीवर टाकलेलं होतं. पंधरा दिवस तिनं हजार तऱ्हांनी हा क्षण मनात रंगवला होता, पण त्यात हे काहीच नव्हतं.

आधी बोलली ती बाईच. तिचं नाव केवळाबाई. मांजरेकाठची भोईण. तिनं शरणम्माला खालपासून वरपर्यंत बघितलं आणि जागा करून दिली. "बसा बाई. ह्यांची मालकीण दिसताव. आता आलाव तर बघून जावा, पर सावली पाडू नका त्याच्यावर. उठला तर अंडी गेली."

शरणम्मानं बघितलं. भिंतीशी एक काचेची पेटी होती. आत वीतभर पाणी, तळाला वाळू, वाळूत उपडं घातलेलं एक कौल. कौलाच्या तोंडाशी काहीतरी होतं. आधी तिला ते दगडच वाटलं. मग दगडानं डोळे फिरवले.

मासा होता. वीतभर लांबीचा, वाळूच्याच रंगाचा, अंगावर मळकट ठिपके. डोळे बाजूला नव्हते, पार टाळूवर होते आणि त्या डोळ्यांनी तो वर तिच्याकडे टक लावून बघत होता. पोहत नव्हता. पोटाखालचे दोन पर जुळून वाटीसारखे झाले होते आणि त्या वाटीवर तो पाटावर बसावं तसा बसला होता. केवळाबाई म्हणाली, ह्याला आम्ही खरपा म्हणतो, वाळूतला मासा, बाजारात कुत्रं विचारत नाही. मांजरेकाठचं तळं आटलं तेव्हा मोठे मासे लिलावात गेले. हे बारा तेवढे चिखलात उरले होते, ते इथल्या साहेबाच्या सांगण्यावरून बादलीत घालून तिनं आणले. या वर्षी मांजरेत थेंब नाही. म्हणजे पुढच्या साली वाळूत खरपा दिसायचा तर याच अंड्यांतला दिसणार. मादी अंडी टाकून परवा मेली. राखणीला बाप बसला आहे. डब्यातली गांडुळं पुढे टाकली तरी खात नाही, हलत नाही, कोणावर विश्वास ठेवत नाही.

मग जमिनीकडे बघत विरूपाक्षानं सगळं सांगितलं. हापीस पाटबंधाऱ्याचं नव्हतं, मासळी खात्याचं होतं. बदलीच्या यादीत लातूरला तेवढी एकच जागा रिकामी होती. घे नाहीतर उस्मानाबादलाच राहा, असं झालं. माशांच्या हापिसात आहे हे लिंगायताच्या घरी कोणत्या तोंडानं सांगायचं? म्हणून खोटं बोलला. साहेब टंचाईच्या कामावर देवणीला गेले आणि जाताना म्हणाले, रोज डबाभर पाणी बदलत जा. हापिसाचा नळ कोरडा. पाणी नाही म्हणून बारा जीव मेले तर त्याचं पाप कोणाच्या माथी? साहेबाच्या तर नाही. म्हणून घरचं पाणी. मेलेल्या माशांना हात लावला की वास जात नाही, म्हणून अत्तर. देवाला हे बघायला लागू नये, म्हणून लिंग पाठीवर.

"आन् मेले त्यांचं काय केलंव?" शरणम्मानं विचारलं.

"पुरले. तुळशीमागं. इभूत लावून."

केवळाबाईनं पदरात तोंड घालून हसू दाबलं. लिंगायतांत माणसाला पुरतात तसे यानं मासे पुरले होते. माशाला मातीत घालणारा शिपाई तिनं सात गावांत पाहिला नव्हता, आणि दाराआड ती हसली होती तेही त्याच्या असल्याच वेडाला.

शरणम्मालाही हसू येत होतं. अंगातून वारं सुटावं तसं तिला हलकं वाटत होतं. बाई नव्हती. अकरा वर्षं वाट बघितलेला माणूस तिचाच होता, डोक्यापासून पायापर्यंत, मूर्खपणासकट तिचाच. तिला त्याला एक धपाटा घालावासा वाटला आणि त्याच हातानं त्याच्या डोक्यावरून हात फिरवावासाही वाटला. तिनं काचेवर बोट टेकवलं. खरपा जागचा उसळला आणि आतून त्या बोटावर आपटला, मग परत कौलाच्या तोंडाशी जाऊन बसला आणि पुन्हा टाळूवरच्या डोळ्यांनी तिला जोखू लागला. असा संशयी जीव तिनं दुसरा पाहिला नव्हता. तो तिला आवडला.

तेवढ्यात केवळाबाईनं पेटीच्या कडेला चिकटलेलं काहीतरी नखानं खरवडलं आणि उन्हात उडवलं. गोल, पातळ, रुपेरी. "खवला," ती म्हणाली, "मादीचा."

शरणम्माचं हसू तिथंच वाळलं. कुंकवाचा करंडा तिच्या डोळ्यांपुढे आला. पंधरा दिवस ती माशाच्या खवल्यावरचं कुंकू कपाळाला लावत होती. आणि डबा? या पेटीत बुडालेला डबा रोज घरी येऊन पिंपात बुडत होता. त्याच पिंपातनं पूजेची घागर भरून लिंगाला स्नान घातलं होतं. मागच्याच आठवड्यात उदगीरचे व्याही सहकुटुंब येऊन जेवून गेले होते, स्वामींनी तीर्थ घेतलं होतं. हे बाहेर फुटलं तर गल्ली तिच्या दारात पाणी पिणार नव्हती. नागम्माला व्याही दुसऱ्या दिवशी बोचक्यासकट दारात आणून सोडतील. त्यांच्याकडून तिला दयेची अपेक्षा नव्हती.

नवऱ्याला तिनं एवढंच सांगितलं की आजपासून हापिसाचा डबा वेगळा, त्याला घरात आणायचं नाही, पाणी ती घागरीनं वरून ओतून देईल. अंडी किती दिवस, असं तिनं केवळाबाईला विचारलं. तीनचार दिवसांत पिल्लं सुटतील, ती म्हणाली. शरणम्मा घरी आली, करंडा राखेनं तीनदा घासला, पिंप उपडं केलं आणि भर दुष्काळात पिंपभर पाणी तिनं अंगणातल्या बेलाला घातलं. शेजारणी तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. मग ती शेजारच्या दोन घरांतून घागरभर पाणी उसनं मागून आली. उभ्या जन्मात तिनं पहिल्यांदाच कोणाकडे काही मागितलं होतं.

आणि सोमवार उजाडला. शंकरप्पा येणार आहे हे तिला रात्रभर आठवत होतंच.

शंकरप्पा आला तो चौकशी करूनच. गोलाईत त्याचे दोन ओळखीचे आडते होते. त्यांनी सांगितलं की दाजींना औसा रोडकडे डबा घेऊन जाताना रोज बघतो, एका घरात जातात, पाटी नाही, पडदा आहे, आणि एक बाईही तिथे जाता-येता दिसते. शंकरप्पानं टोपी काढून खुंटीला लावली, तांब्याभर पाणी मागितलं, घटाघटा प्यायला, आणखी मागितलं. शरणम्मा त्याच्या हलणाऱ्या कंठाकडे बघत उभी होती.

"चल," तो म्हणाला. "घर दावतो मला आडत्याचा गडी. आत्ताच जाऊ. रंगेहात धरू."

माझीच चूक झाली, तसं काही नाही, असं म्हणायला तिनं तोंड उघडलं होतं. पण भावाला ती ओळखून होती. नाही म्हटलं तर तो हटकून जाणार. जाणार, पडदा बाजूला सारणार आणि पेटी बघणार. मग निलंगा, उदगीर, लातूर, तिन्ही बाजारात संध्याकाळपर्यंत एकच बोलणं. विरूपाक्ष लिंगवंत असून मासे पोसतो, आणि बायको पाणी पुरवते.

ती खाली बसली. पदर तोंडाला लावला.

"जाऊ नका अण्णा. मी जाऊन आले काल."

"मंग?"

"हाय. एक हाय."

शंकरप्पाचा चेहरा बघण्यासारखा झाला. भांडायला आलेला माणूस, पण खरंच निघालं म्हटल्यावर त्याचाही आवाज खाली आला. कोण आहे, कुठली आहे, दिसायला कशी आहे, हे त्यानं विचारलंच. शरणम्माला खोटं रचता येत नव्हतं, कधी सवयच नव्हती. पेटीत जे पाहिलं होतं तेच तिच्या तोंडून येत गेलं. मांजरेकडची आहे. सावळीच म्हणायची. लहानखुरी. कुठं हिंडत नाही, फिरत नाही, जिथं बसवलं तिथं बसून असते. पदरात लेकरं आहेत, त्यांना धरून बसली आहे.

"लेकरं," शंकरप्पा म्हणाला आणि डोळे मिटून बसला. मग म्हणाला, "घरंदाज दिसती म्हण की."

तिनं त्याच्याकडून शपथ घेतली की तो तिकडे फिरकणार नाही. तिनं सगळं मिटवलं आहे, महिन्याभरात ती बाई आपल्या गावी जाणार आहे. उदगीरला कळवायचं का, असं त्यानं विचारलं. कळलं तर कळू दे, ती म्हणाली, त्यांना काय नवं आहे? शंकरप्पाला ते पटलं. व्याह्यांना वाईट वाटायचं सोडा, त्यांना जोडीदार भेटल्यासारखं वाटेल, असंच त्याच्या तोंडावर दिसत होतं. तो जेवायला बसला आणि पोटभर जेवला. ज्या घरातल्या माणसानं बाई ठेवली आहे त्या घरात जेवायला त्याला काही अडचण आली नाही.

दुपारी विरूपाक्ष आला. शंकरप्पानं त्याला बाजूला बसवलं, पाठीवर हात ठेवला आणि आवाज बारीक केला. "दाजी, मानूस हाय, पाय घसरतो. मी काय बोलत न्हाई. पर पाण्याचे दिवस हायत. घरातलं पाणी तिकडं न्हेऊ नका. बायकूचं काळीज तुटतंय."

विरूपाक्ष आधी त्याच्याकडे बघत राहिला, मग शरणम्माकडे. ती चुलीपुढून वळून त्याच्याकडे बघत होती. त्या नजरेत काय होतं ते शंकरप्पाला दिसलं नाही, पण विरूपाक्षाला दिसलं. तीस वर्षं त्यानं कोणत्याही बाईकडे मान वर करून बघितलं नव्हतं. हातरुमालसुद्धा रस्त्यात पडला तर तो बाईच्या पायाजवळून उचलायचा नाही. असा तो माणूस म्हणाला, "हाव. चुकलं माझं."

शंकरप्पा चारच्या एसटीनं गेला. दारातनं वळून त्यानं बहिणीला डोळ्यांनीच धीर दिला. तो कोपऱ्यावरच्या पानवाल्याशी दोन मिनिटं बोलत थांबलेला दोघांनाही दिसला. म्हणजे आता झालंच.

विरूपाक्ष ओट्यावर बसून होता. "आता गोलाईतनं चालू कसा मी?" तो म्हणाला.

"मान खाली घालून चाला," शरणम्मा म्हणाली. "तसलं केलेली मानसं तशीच चालत्यात."

एवढं बोलली आणि तिला रडू फुटलं. इतक्या दिवसांचं, धुण्याच्या दगडावर बसल्या दिवसापासूनचं, सगळं एकदम. ते गल्लीत ऐकू गेलं. पानवाल्याकडून बातमी घेऊन आलेल्या दोघीतिघी बायका लगेच आत शिरल्या, तिला मधे घेऊन बसल्या आणि विरूपाक्षाकडे तोंड वेंगाडून बघू लागल्या. एकीनं तर ऐकू जाईल असं म्हटलं, की असल्या माणसाच्या ताटात वाढायचं तरी कसं. शरणम्माला सांगावंसं वाटत होतं, की बायांनो, असा सोन्यासारखा माणूस तुमच्यापैकी एकीच्याही घरात नाही. सगळ्या जगात हा एकच असा निघाला, की ज्याच्यावर मला आता काडीइतका संशय नाही. पण बायका त्याला नावं ठेवत होत्या, आणि ती डोळे पुसत एकेका शब्दाला मान हलवत होती.